कडू तितकी खरी

आईचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी हर्षदाने बदलापूरच्या घरातल्या ग्रिलवरची गुळवेल कापून काढली. आईने इतकी जपलेली वेल कचऱ्यात टाकवेना, म्हणून ती पिशवीत भरून खाली घेऊन आली आणि नाक्यावर रानभाज्या विकायला बसणाऱ्या सोनीपुढे ठेवली. सोनी बारवी धरणाकडच्या ठाकरवाडीतली, आईच्या जुन्या ओळखीची.

"घे. तुझ्याकडे कुठे तरी लाव."

सोनीने एक कांडं उचललं, नखाने खरवडलं, मोडलं आणि परत पिशवीत टाकलं.

"ही कोनी दिली, ताय?"

"गुळवेल आहे. आई रोज काढा घ्यायची."

"गुलवेल नाय ही. अंगभर गाठी बघ, पुटकुळ्या आल्यागत. आन् ह्यो पांढरा चीक. आमच्या गुलवेलीला आसा चीक नसतो." मग हर्षदाच्या तोंडाकडे बघून तिने हात पदराला पुसले. "म्हातारी ही प्यायची?"

हर्षदा उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. त्या आठवड्यात हाताला लागेल ते तिने वाचलं. गुळवेलीला एक बहीण असते. पान तसंच, बदामाच्या आकाराचं. चढण्याची रीत तीच. चव मात्र जास्त कडू. काही मुलखांत तीही औषधात वापरतात, पण महिनोन्‌महिने घेतली तर एखाद्याच्या यकृताला बाधते. आईला कावीळ झाली होती. डॉक्टरांनी विचारलं होतं, "झाडपाल्याचं काही घेता का?" आणि आईने ठासून सांगितलं होतं, "छे हो, झाडपाला कसला. फक्त गुळवेल."

वेल दिली होती दिनानाथने. सोनिवलीत त्याची औषधी रोपांची वाटिका होती. बदलापूर-अंबरनाथच्या सोसायट्यांतून तो भाषणं द्यायचा, घराघरात गुळवेल लावा म्हणायचा आणि रोपं टेम्पोत घालूनच आणायचा. बायका त्याला काका म्हणत. हर्षदाही तोंडावर काका म्हणे. आता मनात तो नुसता 'तो' झाला होता.

आईचे डोळे पिवळे झाले तेव्हा तिने त्यालाच फोन लावला होता, स्पीकरवर. हर्षदा शेजारी भाजी निवडत होती.

"काका, काढा बंद करू का?"

"बंद? उलट वाढवा, ताई. काविळीला गुळवेलीसारखं औषध नाही. दोन वेळा घ्या."

"तुमची वेल फार कडू हो."

"कडू तितकी खरी, ताई!"

आईला ते पटलं. गोड बोलणारी माणसं आणि गोड लागणारी औषधं, दोन्हींवर तिचा विश्वास नव्हता. कडू आहे म्हणजे अस्सल आहे, यापलीकडे तिने कधी परीक्षा केली नाही. ती दोन वेळा घ्यायला लागली आणि एकोणीस दिवसांनी गेली. हर्षदाने ती भाजी निवडता निवडता मान वर करून एक प्रश्न विचारला असता तर, हा विचार हर्षदा रोज एकदा करायची आणि मग मुद्दाम दिनानाथकडे वळवायची. तिथे तो विचार जास्त कामाचा होता.

उल्हासनगरच्या आपल्या घराच्या बाल्कनीत तिने दोन कुंड्या मांडल्या. एकीत सोनीने वाडीतल्या कडुलिंबावरून काढून दिलेली खरी गुळवेल, दुसरीत आईच्या ग्रिलवरची. दोन्हींची पेन्सिलीएवढी जाड कांडी घेतली, दोन दिवस सावलीत सुकू दिली, कापलेली तोंडं बंद झाल्यावर मातीत खोचली. खरीचे नखरे फार. पाणी जास्त झालं की कांडं मऊ पडे. तीन कुजली, चौथं लागलं. आधाराला काठी दिली तरी रुसून बसली. सोनी म्हणाली होती, "तिला झाड पायजे. लिंबावर चढली का लिंबाचा गुन घेते." दुसरी मात्र आठव्या दिवशी फुटली. काठी नको, कौतुक नको. महिन्याभरात ती कपडे वाळत घालायच्या दोरीवर पोचली.

शेजारची सिंधी आंटी दोन्हींकडे बघून म्हणाली, "बेटा, दोनों सेम टू सेम. दो का क्या करेगी?"

"एक पाहुण्यांसाठी आहे," हर्षदा म्हणाली.

खरीचा काढा ती स्वतः घेऊन बघायची, बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेचून, दोन कप पाण्याचा एक कप आटवून. एकदा जाड कांडी कुस्करून पाण्यात ठेवली, तर तळाशी पांढरं सत्त्व बसलं. तापानंतरच्या अशक्तपणाला आई हेच मागवायची, विकतचं. दुसरीचा काढा तिने कधी तोंडाला लावला नाही. पाणी मात्र दोघींना सारखंच घातलं. वैरी जेवायला बसावा आणि त्याला आग्रहाने वाढावं, तशी ती त्या वेलीला जपत होती.

तिला पोलीस नको होते. ग्रिलवरच्या वेलीचा खटला कोण चालवणार? तिला एवढंच हवं होतं: चारचौघांत त्याच्या हातात तो कप द्यायचा. स्वतःच विकलेली वेल त्याला ओळखू येणार नाही, तो घटाघटा पिईल, मग ती माइक घेऊन सांगेल की याच माणसाने माझ्या आईला काढा वाढवायला सांगितला. एका कपाने काही होत नाही, हे तिने तीन ठिकाणी वाचून पक्कं केलं होतं. तिसऱ्या ठिकाणी वाचताना आपण जराशा हिरमुसलो, हेही तिच्या लक्षात आलं होतं.

नवरात्रात संधी आली. अंबरनाथला मोरिवलीच्या महिला मंडळात दिनानाथचं भाषण होतं. मंडळाची अध्यक्ष शलाका, हर्षदाच्या शाळेतली मैत्रीण.

"आईच्या नावाने काकांना काढा द्यायचा आहे. त्यांच्याच वेलीचा," हर्षदा म्हणाली.

शलाकाचे डोळे भरून आले. "किती मोठं मन आहे गं तुझं!"

हॉलमध्ये सत्तरेक बायका होत्या. पहिल्या रांगेत गोजरबाई, मंडळाच्या सगळ्यात जुन्या सभासद, ऐंशीच्या पुढच्या. भाषण तेच होतं, शेवटी 'कडू तितकी खरी'सुद्धा. टाळ्या पडल्या. मग हर्षदा आईच्या वेलीची कुंडी घेऊन व्यासपीठावर गेली, थर्मासमधून स्टीलच्या पेल्यात काढा ओतला आणि त्याच्यापुढे धरला.

"आई रोज घ्यायची, काका. तुम्ही दिलेलीच वेल. सगळ्यांसमोर तुम्ही घ्यावा, एवढीच इच्छा आहे."

दिनानाथने पेला घेतला. सवयीने कुंडीकडे पाहिलं. त्याची नजर खालून वर गेली, खोडावर थांबली आणि पेला ओठांपासून वीतभर अलीकडे थबकला. मग त्याने तो टेबलावर ठेवला.

"माझे नऊ दिवसांचे उपास आहेत, ताई."

"मघाशी तर बटाटेवडा खाल्लात की!" मागून कुणी तरी म्हणालं. हॉल हसला.

"नाही म्हणजे... शुगरची गोळी घेतलीय आत्ताच. त्यावर चालत नाही."

"अहो, तुम्हीच सांगता ना, गुळवेल शुगरला चांगली?"

"लाजतायत काका!"

हर्षदा हसली नाही. चार महिने ती एका अडाणी माणसाला सापळा लावत होती. हा अडाणी नव्हता. याने एका नजरेत ओळखलं होतं.

"तू नको पिऊस बाबा," गोजरबाई उठत म्हणाल्या. "पोरीने आईच्या नावाने आणलंय, वाया घालवायचं नाही. आण इकडे. माझे गुडघे तरी सुटतील." आणि त्यांनी टेबलावरचा पेला उचलला.

हर्षदा त्यांच्यापासून एका हातावर उभी होती. हात पुढे केला असता तर पेला तिच्याच हातात आला असता. तिने हात केला नाही. ती दिनानाथकडे बघत राहिली. गोजरबाईंनी फुंकर घातली. पेला तोंडाशी गेला.

"आजी, पिऊ नका!" दिनानाथ ओरडला. माइक चालूच होता. "ठेवा तो. गुळवेल नाहीये ती!"

गोजरबाईंनी पेला खाली ठेवला. हर्षदाने माइकचा स्टँड उचलून दिनानाथच्या आणखी जवळ सरकवला.

"कशावरून ओळखलंत, काका?"

"हे बघा ताई, आपण नंतर..."

"नाही, आत्ता. या सगळ्या शिकायला आल्या आहेत. तुम्ही माझ्या आईला हीच दिली होती. तिचे डोळे पिवळे झाले तेव्हा वाढवायला सांगितलीत, मी शेजारी होते. कशावरून ओळखायची?"

त्याने शलाकाकडे पाहिलं. शलाका खाली मान घालून फोनमध्ये काही तरी मोठं करून बघत होती: तिच्या स्वतःच्या ग्रिलचा फोटो.

"खोड," तो म्हणाला. "खरीचं हिरवट असतं, वर कागदासारखी साल सुटते. हिचं करडं. आणि हिला गाठी."

"आणि?"

"कापलं की चीक येतो."

"मग हीच का देता सगळ्यांना?"

"खरी कुंडीत टिकत नाही, ताई. दहातल्या सहा मरतात. बायका रोप परत घेऊन येतात, काका फसवता म्हणतात. ही कुठेही लागते. कडू असते, म्हणून कुणी तक्रार..."

हॉलमध्ये फोन लागायला लागले होते. "अहो, काढा घेतलात का? ओतून द्या. प्रश्न विचारू नका, आधी ओता." "आई, ग्रिलवरची वेल बघ, गाठी आहेत का? बघ गं नीट!" एक बाई दाराशी उभी राहून फोनवर नुसतीच विचारत होती, "कधीपासून? कधीपासून घेतायत त्या?"

गोजरबाईंनी हर्षदाचं मनगट धरलं.

"त्याने आरडाओरडा केला म्हणून. नाही तर तू मला पिऊ दिलं असतंस."

"एका कपाने काही होत नाही, आजी."

"मी ते नाही विचारलं."

हर्षदाला खोटं सुचलं नाही. "हो," ती म्हणाली. "दिलं असतं."

गोजरबाईंनी तिचं मनगट सोडलं, आपली पिशवी उचलली आणि दुसऱ्या रांगेत, लांबच्या टोकाला जाऊन बसल्या. हर्षदाने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग ती वळली. दिनानाथ व्यासपीठाच्या पायऱ्यांकडे सरकत होता.

"थांबा, काका," ती म्हणाली. "दोन्ही वेलींच्या फळांमधला फरक सांगायचा राहिला."