शंकेचं पान

माज्या थोरल्या भावाला, रशीदभाईला, इंग्रजी येत न्हवतं असं न्हाय. शब्द जोडीजोडीनं यायचं नि त्यात ह्यो कुठला नि त्यो कुठला, हिथं त्येचं घोडं अडायचं. अ‍ॅक्सेप्ट म्हंजे घ्याचं, एक्सेप्ट म्हंजे सोडून. क्वाएट म्हंजे गप, क्वाइट म्हंजे पार. दोन प्रिन्सिपल तर कानाला येकच. येक शाळंचा मोठा मास्तर, दुसरं तत्त्व.

मी शाळा कवाच सोडलेली. मास्तरानं छडी मारली, मी ती मोडून त्येच्याच टेबलावर ठिवली नि घरी आलो. तरीबी रोज सांजचं पुस्तक धरून भाईला इचारायचं काम माज्याच गळ्यात. पन्हाळ्याच्या कचेरीत नकलनविसाची जागा निघालेली. महाराजांनी काढलेल्या बोर्डिंगात ऱ्हाऊन भाई शिकला हुता. ही जागा मिळाली तर आमा तांबोळ्यांत कचेरीत बसनारा त्यो पयला. न्हाय मिळाली तर हायच आमचं पानाचं दुकान.

गडहिंग्लजकडनं पानांच्या करंड्या यायच्या. रोज सगळी पानं उलटीपालटी करून बगायची. डाग दिसला की काढ, डागाची शंका आली तरी काढ. अब्बा म्हनायचं, इचार करीत बसू नगंस, त्येवढ्यात शेजारचं नासतंय. मी बसायचो करीत, शिव्या खायचो. भाईचा हात मातुर सुरीगत चालायचा. मांडीवर पानं, तोंडानं इंग्रजी शब्द. दोगंबी आंबून जायचो.

परीक्षंच्या दिवशी मी संगं गेलतो. वऱ्हांड्यात बसून खिडकीतनं बगत हुतो. हेडक्लार्क गणपतराव इंग्रजी हुकूम वाचून सांगत हुते, पोरं लिव्हत हुती. भाईचा टाक चालायचा, थांबायचा, परत चालायचा. भायेर आला तवा तोंडावर घामबी न्हवता.

मग गणपतरावांनी त्येला परत आत बोलीवलं. अक्षर झ्याक हाय म्हनलं, चूक येकबी न्हाय. मग कागद त्येच्याम्होरं सरकावला नि बोट ठिवलं.

"हिथं मोकळं का सोडलंय? हिथंबी. हिथंबी."

"शंका आली साहेब. म्हनून ते शब्द काढलं."

गणपतराव रागावलं न्हाईत. त्येंनी चष्मा काढून डोळं चोळलं.

"चूक आसती तर मी दुरुस्त केली आस्ती, पावणं. सरकारी कागदात मोकळी जागा सोडली तर उद्या कोनबी त्यात कायबी घालंल. आसला मानूस मी कसा ठिवू?"

जागा दुसऱ्याला गेली. त्येच्या कागदावर तांबड्या शाईचा नुसता चिखल हुता, मी बगितला.

वाटंनं मी लई भांडलो. पोरीगत गप का ऱ्हायलास म्हनलो, कायबी खरडायचं हुतंस की. भाई म्हनला, "हातच जात न्हवता रं."  

घरी भाईनं अब्बांना सगळं सांगितलं, लपवलं कायबी न्हाय. अब्बांनी हातातली पानं खाली ठिवली. 

"म्हंजे मीच शिकिवलं की तुला ते."

"दुकानात ते बरुबर हाय, अब्बा."

दिवाळीनंतर आनखी येक जागा हाय, असं गणपतरावांनी जाताना सांगितलेलं. अम्मी म्हनली आज तरी जेवून झोपा. भाईनं पाटी घेतली नि पुस्तक माज्याकडं टाकलं.

"सांग. आता शंका आली तरी लिव्हतो."

माजं डोळं मिटत हुतं. मी येक वाक्य वाचलं. त्येनं लिव्हलं. मधल्या शब्दावर त्येचा अंगठा पुसायला गेला, तिथंच थांबला, नि त्येनं त्यो मांडीखाली दाबून धरला. माज्याकडं बगाय लागला.

शब्द चुकला हुता.

"फुडचं घे," मी म्हनलो.