वजनवाल्या बाई

चिमट्यात धरलेली लोखंडी पट्टी तिनं तराजूच्या काचपेटीत ठेवली, दार सरकवलं आणि श्वास रोखून धरला. आकडे थरथरले, मग स्थिरावले. तिनं ते वहीत उतरवले आणि खाली रेघ मारली. ही शेवटची पट्टी.

सरकारी प्रयोगशाळेच्या गच्चीवर अशा पट्ट्या वर्षानुवर्षं उन्हापावसात मांडलेल्या असत. दर महिन्याला त्यांतल्या काही उतरवायच्या, गंज काढायचा आणि किती झिजल्या ते तळघरात मोजायचं, हे तिचं काम. एकवीस वर्षं झाली. कागदोपत्री ती तांत्रिक सहायक. इमारतीत सगळे 'वजनवाल्या बाई' म्हणत. वाऱ्याच्या झुळकीनंही वजन चुकतं, म्हणून खोलीचं दार कायम बंद. गप्पा मारायला तिकडे कोण कशाला फिरकणार?

ज्या साहेबांनी हे काम सुरू केलं, ते चौथ्या मजल्यावर बसत. वही शिपायाबरोबर वर जाई आणि हिरव्या शाईची बारीकशी सही घेऊन खाली येई. साहेब निवृत्त झाले तेव्हा सही थांबली, वजनं थांबली नाहीत. आता प्रकल्पच गुंडाळला होता. जुन्या वह्या रद्दीत काढा असा कागद आला, तेव्हा मात्र ती तळघरातून वर गेली. तिनं कार्यालयात विचारलं, मी नेऊ का? न्या की, असं म्हणून त्यांनी मान वर न करताच होकार दिला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, चार वह्यांची पिशवी घेऊन ती साहेबांच्या दारात उभी राहिली. दार त्यांनीच उघडलं. फार वाळले होते. प्रयोगशाळेतून आले म्हटल्यावर कार्यालयानंच कुणाला तरी पाठवलंय असं समजून त्यांनी तिला बसवलं. मग भिंग घेऊन वही उघडली आणि एकेका आकड्यावरून बोट फिरवत राहिले.

"हे अक्षर मी कुठंही ओळखेन," ते म्हणाले. "त्या बाई आहेत अजून?"

तिनं पदर सारखा केला.

"आहेत."

"एकदाही खाली जाऊन भेटलो नाही बघा. माझे नऊ शोधनिबंध त्यांच्या आकड्यांवर उभे आहेत, आणि एकातही त्यांचं नाव नाही." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "घरी कोण असतं त्यांच्या?"

"कुणी नाही."

"हं." मग खिशातलं पेन काढून त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं. "नाव काय त्यांचं? पूर्ण सांगा."

तिनं सांगितलं. वडिलांच्या नावापाशी ते अडखळले, म्हणून तिनं पुन्हा, सावकाश सांगितलं. एकही अक्षर न गाळता त्यांनी ते पानावर लिहिलं.

"त्यांना सांगा, मी विचारलं होतं म्हणून."

"सांगते."

वह्या तिथंच ठेवून ती निघाली. जिना उतरताना मधल्या पायरीवर थांबली आणि ते नाव हलक्या आवाजात, एकदा म्हणून पाहिलं.