कुलूपरावांची टाकी

ट्रक तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा कुलूपरावांनी शिवी दिली नाही. पहिल्या दोन वेळांतच सगळा साठा संपला होता.

मागे कोंबडीची एक दिवसाची पिल्लं होती, भोकं पाडलेल्या खोक्यांत, थरावर थर. गाडी चालू असेतो त्यांना वारा लागायचा. थांबली की भट्टी. रस्त्यावर ना झाड, ना टपरी. तिकडे बायको नव्या शेडमध्ये भुसा पसरून वाट बघत होती. निघताना तिनं बजावलं होतं, “माझी पिल्लं जिवंत आणा. कारणं नकोत.”

कुलूपराव हे नाव त्यांनी स्वतः कमावलं होतं. हत्यारांच्या पेटीला कुलूप, पाण्याच्या कॅनला कुलूप. हा माणूस जांभई दिली तरी लगेच तोंडाला कडी घालील, असं लोक म्हणत. मध्यंतरी एकदा डिझेल जरा लवकर संपलं, आणि त्या दिवशी ट्रक नेमका मेव्हण्यानं चालवला होता. बायकोचा धाकटा भाऊ. तोंडावर बोलायची सोय नाही. मग टाकीला कुलपाचं झाकण आलं आणि चावी कुलूपरावांच्या गळ्यात गेली. तेवढ्यानंही जीव थंड होईना, म्हणून कालच त्यांनी झाकणाखाली ट्यूबचं रबर कापून गच्च बसवलं. चोर राहू द्या, वाससुद्धा बाहेर जाता कामा नये.

तोच मेव्हणा आज शेजारी बसून आला होता. आता तो ओली पोती खोक्यांवर टाकत होता.

कुलूपरावांनी हवा काढायचा स्क्रू ढिला करून हातपंप मारायला घेतला. एरवी चार धक्क्यांत डिझेल फेसाळत यायचं. आज स्क्रूपाशी नुसती ओल. फिल्टर बदलून झाला होता, सांधे आवळून झाले होते.

“प्रेशरच नाही. पंप गेला,” म्हणत त्यांनी पाना उचलला.

“दाजी, पंप नका खोलू.”

“का? तुझ्या नात्यातला आहे?”

“थोडं थांबलं की गाडी सुरू होते. पंप मेला असता तर झाली असती का?”

“मग काय, दम लागतो तिला?”

मेव्हण्यानं टाकीकडे पाहिलं आणि पुन्हा पोत्यांकडे वळला.

पंप खोलला. आत सगळं धडधाकट. घाईत स्प्रिंग धुळीत पडली, ती शोधताना कुलूपराव गुडघ्यांवर आले आणि तिथेच थबकले. मघापर्यंत मागे पिल्लांचा असा कलकलाट होता की एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. आता स्वतःचा श्वासही ऐकू येत होता.

मेव्हण्यानं एक खोकं उघडून पुढे धरलं. कोपऱ्यातल्या पिल्लांनी माना टाकल्या होत्या.

“तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवू रे?” कुलूपरावांचा आवाज फाटला, आणि त्याच दमात आतलं विषही बाहेर आलं. “टाकीकडचा पाइप ओढून बघ तोंडानं. तुला सवय असेल.”

मेव्हण्यानं पाइप तोंडात धरून ओढलं. पुन्हा ओढलं. काही नाही. पाइप जिभेला चिकटला, तो त्यानं फटकन सोडवला.

“टाकी सोडत नाही, दाजी. उलट माझीच जीभ ओढतेय.”

कुलूपरावांनी खोक्याच्या भोकांकडे पाहिलं, मग झाकणाकडे. गळ्यातली चावी त्यांनी कुलपात घातली. झाकण निघालं तशी टाकीनं हुस्स करून श्वास घेतला, बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो तसा. मेव्हण्यानं पुन्हा पाइप ओढला. डिझेलनं तोंड भरलं. तो थुंकत बसला.

“तुला कळलं होतं?”

“दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीस, गाढवा?”

“काय बोलू? दाजी, टाकीची चावी द्या म्हणू?”

कुलूपरावांनी झाकणाखालचं रबर उपटून फेकलं; त्यानंच टाकीत हवा जायची वाट बुजली होती.

पंप जोडला, हवा काढली, गाडी सुरू झाली. टाकीच्या तोंडाला फक्त फडकं बांधलं. कुलूपरावांनी ड्रायव्हरची सीट मेव्हण्याला दिली आणि स्वतः मागे चढले. सुटलेल्या वाऱ्यात ते एकेक खोकं उघडत गेले, मेलेली पिल्लं एका बाजूला, हलणारी दुसऱ्या. हलणारी जास्त होती. पण शेडच्या दारात बायको आधी मेलेल्यांचीच बाजू बघणार, हे त्यांना ठाऊक होतं.

तिला कारणं नको होती. यांच्याजवळ एकच होतं, आणि ते गळ्यात लटकून दर खड्ड्याला छातीवर आपटत होतं.