अकरा वर्षांसाठी एक ओळ

उस्मानाबादच्या स्टँडमागं माझा टायपिंगचा क्लास होता. पाच मशिनं, त्यातली तीन धड. मी कुणाकडं शिकले नव्हते. भावानं तहसिलीच्या लिलावात एक मशीन घेतलं, ते मी चार महिने बडवलं आणि मॅडम झाले.

साल सत्त्याऐंशी. विहिरी कोरड्या, टँकर आला की रस्त्यानं घागरी पळायच्या. अशा वर्षी आमच्या सहकारी साखर कारखान्यानं काय घ्यावं? कॉम्प्युटर. त्याच्यासाठी खोली थंड करायचं यंत्रही बसवलं. ऊस उभ्यानं वाळत होता, पण कॉम्प्युटरला ऊन लागू नये याची पुरेपूर काळजी होती.

आता तो चालवायला माणूस पाहिजे होता. जाहिरातीचं कात्रण घेऊन बेंबळीचा ज्ञानोबा माझ्याकडं आला. पस्तिशीचा, खिशाला दोन पेनं. पुण्याच्या एका कंपनीत अकरा वर्षं प्रोग्रामर, रजा काढून आलेला. त्याची माय जाईबाई बेंबळीच्या बौद्धवाड्यात एकटी. नजर अधू होत चाललेली, पण पुण्याला जायला तयार नाही.

"तिच्या हाताला तिची चूल ठाऊक आहे, अक्का," तो म्हणाला. "तिकडं नेली तर आंधळी होईल. इथं आहे तोवर दिसतं तिला."

म्हणून त्याला नोकरी पाहिजे होती ती इथलीच. मायच्या हातची भाकर खाऊन जाता येईल अशी.

कारखान्याचा छापील अर्ज त्यानं पुढं केला. तो वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या पोरांच्या भरतीचाच अर्ज होता तो. सायकल येते काय? वडिलांचा सभासद क्रमांक? ऊस किती एकर? टायपिंगचा वेग? अनुभवाला जागा एक ओळ.

"अकरा वर्षं एका ओळीत कशी बसवू?"

"सायकल येते ना?"

"येते की."

"मग निम्मी नोकरी लागली तुमची."

तो हसला. पण वेगळ्या कागदावर बायोडाटा टाइप करून जोडायचा हट्ट मी धरला. ज्ञानोबाला बढाई मारायला येत नव्हती. 'प्रोग्राम लिहिले' म्हणून गप्प.

"कसले लिहिले? आमच्या लोकांना समजंल असं सांगा."

तेव्हा त्यानं सांगितलं. कोल्हापूरकडच्या एका कारखान्यासाठी त्यानं दोन वर्षं काम केलं होतं. शेतकऱ्यानं ऊस लावल्याची, म्हणजे लागणीची, तारीख नोंदवली की तोडीचा क्रम मशीनच लावतं. ज्याची लागण आधी, त्याचा ऊस आधी.

"आणि मधेच कुणी घुसला तर?"

"घुसताच येत नाही."

मला ते इतकं आवडलं की काय सांगू! त्या साली तोड उशिरा आली की उसाचं सरपण व्हायचं, आणि उशीर कुणाच्या वाट्याला येतो ते सगळ्या तालुक्याला पाठ होतं. माझ्या मशिनाच्या रिबिनीचा अर्धा पट्टा लाल होता. कळ दाबून मी ती ओळ लाल अक्षरांत टाइप केली: 'तोडीचा क्रम कोणालाही बदलता येत नाही.'

मुलाखतीला कारखान्यानं मलाही मशिनासकट बोलावलं. कॉम्प्युटरला अक्षरांची बटणं, टाइपरायटरलाही अक्षरांची बटणं, तेव्हा परीक्षा टायपिंगचीच, असं डायरेक्टर बंडप्पांनी ठरवलं होतं. खोलीबाहेर चपला काढल्या. आत कॉम्प्युटरच्या काचेला हळदीकुंकू, वर झेंडूची माळ.

दुसरा उमेदवार चेअरमन आबारावांच्या साडूचा मुलगा, माझाच विद्यार्थी. मिनिटाला पंचेचाळीस शब्द. कॉम्प्युटरकडं बघून मला हळूच म्हणाला, "मॅडम, ह्यात कागद कुठनं घालायचा?"

ज्ञानोबा दोन बोटांनी टाइप करायचा. चौदा शब्द. पास व्हायला पंचवीस लागत होते. मी अठ्ठावीस लिहिले. त्याहून जास्त लिहायला हात धजेना.

पण आबारावांनी वेगाकडं बघितलंच नाही. बायोडाट्यातली त्यांनी एकच ओळ वाचली. लाल.

"कोणालाही म्हंजे?"

"कोणालाही, साहेब."

"डायरेक्टरला?"

"नाही."

बंडप्पा सावरून बसले. आबारावांनी आवाज मऊ केला. "आन् चेअरमनला?"

मी खोकले. 'बघू, करता येईल,' एवढं म्हटलं असतं तरी माय आणि नोकरी एका गावात आली असती. ज्ञानोबानं माझ्याकडं बघितलं, मग आबारावांकडं.

"एक बटण ठेवता येईल, साहेब. पण ते कुणी दाबलं आणि कुणाचा ऊस पुढं घेतला, ते तारखेसकट छापून निघंल. दर आठवड्याला, नोटीस बोर्डाला लावायला."

आबारावांनी बायोडाट्याची घडी घातली.

"माणूस लई हुशार हाय," बंडप्पा म्हणाले.

"व्हय. म्हणून तर म्हंतो, पुण्यालाच बरे तुम्ही," आबाराव म्हणाले. "एवढी विद्या इथं वाया जाईल."

साडूचा मुलगा लागला. कॉम्प्युटरवर त्यानं हंगामभर काय केलं असेल ते असो. पण त्या थंड खोलीत दुपारी डायरेक्टर लोकांचा डोळा छान लागायचा, असं शिपाई सांगायचा.

परतताना एस.टी.ची वाट बघत आम्ही फाट्यावर उभे होतो, दोघांच्या मधे मशीन.

"चूक माझी," मी म्हणाले. "ती लाल ओळ. मी खोकले पण होते."

"ऐकलं, अक्का. म्हणून तर बटण देऊ केलं."

मला हसू आलं. "मायला काय सांगणार?"

"रजा संपली म्हणून. महिन्याला एक रविवार येत जाईन." त्यानं मशिनावरची धूळ झटकली. "जिल्ह्यात आणखी दोन कारखाने व्हायचेत म्हणतात. बायोडाट्याच्या चार प्रती करून ठेवा."

"आणि ती ओळ?"

"काळी करा. पण राहू द्या."

मी काळीच केली. फक्त एकदा टाइप करून झाल्यावर मशिनाचा गाडा मागं घेतला आणि ठळक उठावी म्हणून त्याच अक्षरांवर दुसऱ्यांदा बडवली, चारी प्रतींवर.