पुसलेला मस

मित्रांनो, मी एक जुना प्रोफाइल फोटो आहे. मी गोल आहे. जन्मतः चौकोनी होतो, पण जगात वावरायचं तर कोपरे कापून घ्यावे लागतात.

माझे मालक किल्ल्या बनवतात आणि अडकलेली दारं उघडून देतात. त्यांचं दुकान जिन्याखाली आहे. आत एक माणूस मावतो, तोही श्वास सोडून. हल्ली लोक दुकानापर्यंत येत नाहीत, फोनवर चेहरा बघून माणूस बोलावतात. म्हणून त्यांच्या लेकीने वडिलांचे पुष्कळ फोटो काढले. एकात मालकांचे डोळे मिटलेले होते, एकात शिंक अर्ध्यावर होती, एकात लेकीचं बोटच छान आलं होतं. मालकांना त्यांतला एकच आवडला. दातांत किल्ली, हातात कुलूप, कपाळावर घाम.

"बाबा, यात तुम्ही चोर दिसता," लेक म्हणाली.

मग तिने मला निवडलं. आतेभावाचा कोट, मान थोडी तिरकी, ओठांवर अर्धं हसू. तिने माझे केस काळे केले, गाल उजळले आणि शेवटी बोटाच्या एका फटक्यात नाकाच्या शेंड्यावरचा वाटाण्याएवढा मस पुसून टाकला. मालकांनी स्वतःचं नाक चाचपून पाहिलं.

"बापाकडून एवढीच इस्टेट आली होती," ते म्हणाले.

काम वाढेल, असं लेकीने समजावलं. मालकांनी मान डोलावली, तीही तिरकी.

काम खरंच वाढलं. माझ्यावर लाल बदामांचा पाऊस पडला. मालकांच्या आत्याने लिहिलं की पोरगा अगदी आजोळावर गेलाय, जे आजवर कोणालाच दिसलं नव्हतं. एका घरातून तर माझ्यासाठी स्थळाची विचारणा आली. मालकिणीने फोन घेतला आणि जागा भरली आहे असं सांगून ठेवून दिला. मी फुगून गेलो.

पण मालक जिथे जात, तिथे मी आधीच पोचलेला असे. लोक एकदा मला बघत, एकदा त्यांना, आणि विचारत, तुम्ही कोण? दुसऱ्याचं कुलूप उघडणाऱ्याला हा प्रश्न परवडत नाही. शेवटी कंटाळून मालकांनी सोपं उत्तर शोधलं. तो माझा धाकटा भाऊ. मालक एकुलते एक आहेत. हळूहळू लोक धाकट्याची चौकशी करू लागले. तो हसरा दिसतो, पुढच्या वेळी त्यालाच पाठवा, म्हणू लागले. मालक घरी येऊन मला उघडत आणि फोन पालथा ठेवत. मित्रांनो, माणसाला त्याच्याच फोटोने मागे टाकावं, याहून मोठं पाप फोटोच्या हातून होत नाही. आणि मला तर हातही नाहीत, मी खांद्यापर्यंतच आहे.

एका दुपारी एका बाईंचा फोन आला. कचरा टाकायला त्या क्षणभर बाहेर आल्या आणि वाऱ्याने दार आपटलं. आत रांगणारं बाळ आणि गॅसवर दूध. मालक धापा टाकत जिने चढले. बाई मला हातात धरूनच दाराशी उभ्या होत्या.

"हे तुम्ही नाही," त्या म्हणाल्या.

घाईत मालकांच्या तोंडून सवयीचं उत्तर निघून गेलं. धाकटा भाऊ.

"मग त्यालाच बोलवा. भलत्या माणसाला मी कुलपाला हात लावू देणार नाही."

त्यांचं काही चुकत नव्हतं. आतून करपल्याचा वास येऊ लागला होता आणि बाळाचं रडणं दाराखालच्या फटीपर्यंत आलं होतं.

"ताई, मला भाऊच नाही," मालक म्हणाले. "मस खरा आहे. फोटो खोटा आहे."

आत्ताच ज्याला भाऊ होता, त्याला आता नाही म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार? मला ओरडून सांगायचं होतं, पण माझे ओठ त्या अर्ध्या हसण्यात अडकलेले. बाळ रडत होतं आणि मी हसत होतो.

मालकांनी लेकीला फोन लावला. एवढंच म्हणाले, "माझं नाक परत लाव."

लगेचच बाईंच्या हातातून मी नाहीसा झालो. माझ्या जागी तो चोर आला. दातांत किल्ली, कपाळावर घाम, नाकावर मस. त्यांनी वर पाहिलं. समोरच्याच्या कपाळावर तोच घाम होता, नाकावर तोच मस. बाई बाजूला सरकल्या.

पुढचं मी मालकांच्या खिशातल्या फोनमधून ऐकलं. दार उघडलं. दूध गेलं, भांडं गेलं, बाळ राहिलं. बाई गॅसकडे धावल्या, आणि धावता धावता त्यांनी बाळ मालकांच्या हातात दिलं. बाळाने नाकच धरलं असावं, कारण मालक गेंगाण्या आवाजात म्हणाले, "धर, धर. खराच आहे."

आता मी फोनच्या तळाशी पडून असतो. मित्रांनो, फोटो जरूर काढा, कोटही मागून घाला. पण लावायचा तो असा लावा, की कोणाच्या दारात उभं राहून तुम्हाला स्वतःचा धाकटा भाऊ व्हावं लागू नये. आणि पुसायचंच असेल तर आधी कॅमेऱ्याची काच पुसा. ती कायम मळलेली असते.

लेक अधूनमधून मला उघडते, दोन बोटांनी माझं नाक मोठं करते आणि बघत बसते. परवा तिने तिथे बोटाने एक ठिपका काढला. तो चुकून गालावर पडला. तिने तो पुसला नाही. मीही हलत नाही, गळून पडेल म्हणून.