विषय : जहाजावर इतरांच्या आधी चढण्याबाबत

शनिवारी दुपारी चार वाजता जहाज कंपनीच्या यशचा फोन आला, तेव्हा विश्वास देवपुजारी फ्रिजचा माथा पुसत होते. माथ्यावर एक फाईल होती. ती त्यांनी उचलली नव्हती. झोपलेल्या मांजराला चुकवून केर काढावा तसं ते फाईलच्या कडेकडेने फडकं फिरवत होते. गेले आठ महिने ते असंच पुसत होते, त्यामुळे फ्रिज स्वच्छ होता आणि फाईलखाली मात्र तिच्याच आकाराचा जुन्या धुळीचा एक आयत उरलेला असणार, याची त्यांना कल्पना होती.

"सर, सात दिसंबर को आप हमारे साथ मुंबई से गोवा जा रहे हैं," यश म्हणाला. हे त्याने इतक्या आनंदाने सांगितलं, की विश्वास यांना क्षणभर वाटलं दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोय. "प्रायोरिटी बोर्डिंग का ऑफर बस आज शाम छह बजे तक है. थोड़ा-सा एक्स्ट्रा दीजिए, और बाकी सबसे दो घंटे पहले जहाज़ पर."

"जहाज़ दो घंटे पहले छूटेगा?"

"नहीं सर, छूटेगा तो सबका एक ही टाइम पर."

"तो दो घंटे पहले चढ़कर हम क्या करेंगे?"

यशसमोरच्या कागदावर हा प्रश्न नसावा.

"इंतज़ार, सर. लेकिन अंदर से."

सहा वाजता पुन्हा फोन करायला सांगून विश्वास यांनी फोन ठेवला आणि फ्रिजकडे बघितलं. हा निर्णय त्यांच्या हातात नव्हता. निर्णय फाईलमध्ये होता, आणि फाईल सुलभाकडे प्रलंबित होती. सुलभा मार्चमध्ये गेली होती.

देवपुजाऱ्यांच्या घरी फायली कशा सुरू झाल्या, ते सांगायला हवं. विश्वास उत्तरेत, मानक नगरात, रेल्वेच्या संशोधन संस्थेत लागले, त्याच वर्षी लग्न झालं. पहिल्याच महिन्यात सुलभाने मिक्सर मागितला. विश्वास तेव्हा नोकरीत इतके नवे होते, की तीन सह्यांशिवाय पाणीही पीत नसत. ते गमतीत म्हणाले, "प्रस्ताव पाठव." सुलभा वर्ध्याच्या हेडमास्तरांची मुलगी. तिने पाठवला. दोन पानी, मराठीत, सोबत पाट्यावर ठेचलेल्या बोटाचं रेखाचित्र जोडून. मिक्सर मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, की या घरात सक्षम अधिकारी यापुढे ती असेल, प्रस्ताव विश्वास पाठवतील, आणि कारभार मराठीत चालेल, कारण ऑफिसात हिंदी, बाजारात हिंदी, पोरगीही झाली तर हिंदीच बोलणार.

पोरगी झाली आणि हिंदीच बोलू लागली.

फ्रिजचा माथा हा सुलभाचा फायलींचा ट्रे, टीव्हीच्या कपाटाचा माथा विश्वास यांचा. हिरवट नोटशीट म्हणजे टिपणाचा कागद, डाव्या कोपऱ्यात भोक, भोकातून नाडी. फ्रिज घेण्याबाबत. सृष्टीला शाळेत घालण्याबाबत. क्वार्टरमध्ये मांजर ठेवण्याबाबत. हा प्रस्ताव फेटाळला गेला, पण मांजराने निर्णय मानला नाही. सुरुवातीला ही सगळी गंमत होती. पुढे गंमत संपली असावी, पण ती संपल्याचं कोणी कोणाला लेखी कळवलं नाही, म्हणून एकतीस वर्षं चालू राहिली.

विश्वास यांनी फाईल उचलली. खाली धुळीचा आयत होता.

आतला मजकूर त्यांना पाठ होता, तरी चष्मा लावून वाचला. एक, जहाजावर चढण्यास अंदाजे दोन तास रांग असते. दोन, जादा शुल्क भरल्यास इतरांच्या आधी चढता येते. तीन, सौ. सुलभा यांच्या गुडघ्यांची अवस्था पाहता दोन तास उभे राहणे त्यांना शक्य नाही. चार, सबब जादा शुल्क भरण्यास मान्यता असावी. सही, दोन मार्च.

त्याखाली सुलभाचं तिरकं अक्षर. "चर्चा करावी." सही, तीन मार्च.

त्याखाली पुन्हा विश्वास. "चर्चेचा विषय कृपया स्पष्ट करावा." सही, चार मार्च.

त्याखाली अर्धं पान कोरं.

अकरा मार्चला सुलभा गच्चीवर कपडे वाळत घालताना मटकन खाली बसली. नऊ दिवस हॉस्पिटलात होती, त्यातले सात ती बोलू शकत नव्हती. उरलेल्या दोन दिवसांत विश्वास रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावत होते.

आता पेच असा होता. मान्यता द्यावी, तर तिसरा मुद्दा खोटा ठरत होता, आणि विश्वास यांनी आयुष्यात खोटं टिपण लिहिलेलं नव्हतं. नाकारावी, तर कारण लिहावं लागणार होतं. कारण एकच होतं, आणि ते त्यांनी अजून कुठेही स्वतःच्या हाताने लिहिलं नव्हतं. बँकेचे अर्ज सृष्टीने भरले. मृत्यूचा दाखला सृष्टीने आणला. ऑफिसात त्यांच्या हाताखालच्या चंद्रकांतने रजेच्या अर्जावर "घरगुती कारण" लिहून दिलं आणि विश्वास यांनी खाली सही केली. नागपूरच्या नातेवाइकांना तर बातमी त्यांच्या आधीच कळली होती. आठ महिने ते एवढं एक वाक्य टाळत आले होते, आणि आज एका जहाज कंपनीने त्याला मुदत घालून दिली होती.

त्यांनी कपाटातून जुन्या फायली काढल्या. सुलभा सहसा "मान्य" किंवा "अमान्य" लिही. एकदा वैतागून "तुमचं तुम्ही बघा" असंही लिहिलं होतं आणि त्यावर सहीसुद्धा केली होती. पण "चर्चा करावी" हे तिने याआधी फक्त दोनदा लिहिलं होतं. पहिल्यांदा, विश्वास यांनी कोलकात्याला बदली मागण्याचा प्रस्ताव ठेवला तेव्हा. चर्चेत तिने सांगितलं, की तिला दिवस गेलेत. दुसऱ्यांदा, नागपुरात प्लॉट घेण्याबाबत. चर्चेत ती तासभर रडली. तिला सासरच्या गावात कधीच राहायचं नव्हतं. सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिने दात आवळून काढल्या होत्या. म्हणजे जे कागदावर मावत नसे, त्यासाठी ती चर्चा मागत असे. दोन्ही वेळा विश्वास यांनी फाईल बाजूला ठेवून विचारलं होतं, "काय झालं गं?"

तिसऱ्या वेळी त्यांनी पेन उघडलं होतं. तोवर ते संचालक झाले होते, आणि विषय नसलेली फाईल ते परत पाठवत. चार मार्चला त्यांनी तो शेरा लिहिला, तेव्हा सुलभा भिंतीच्या पलीकडे होती. त्यांना तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

सव्वापाचला सृष्टी आलमबागच्या बाजारातून भाजी घेऊन आली. टेबलावर एकतीस वर्षांच्या फायली पसरलेल्या बघून तिने पिशवी खुर्चीवर ठेवली.

"बाबा, ये क्या? ऑडिट आया है क्या?"

"जहाजवाल्याचा फोन होता. आधी चढायचंय का विचारून राहिला. सहापर्यंत सांगायचंय."

"तो बोल दो ना कुछ भी. हाँ बोल दो. ना बोल दो."

"असं कसं बोलू? आधार काय दाखवू?"

"किसको दिखाना है?"

विश्वास यांनी फाईलचं पान उलटलं. मग त्यांच्या लक्षात आलं. "आणि तिकिटावर तर दुसरं नाव तिचंच आहे अजून."

सृष्टीने पिशवीतून एकेक भाजी काढायला सुरुवात केली. "नहीं है. मेरा है. पिछले महीने वेबसाइट पर चेंज कर दिया."

"मला न सांगता?"

"आपको बताती तो आप नोटशीट बनाते."

हे खरं होतं. विश्वास यांनी विचारलं, "कारण विचारलं असेल ना त्यांनी? काय लिहिलंस?"

"लिखना नहीं था. लिस्ट में से चुनना था. वीज़ा प्रॉब्लम, बीमारी, चेंज ऑफ प्लान." तिने टोमॅटो बाजूला काढले. "मैंने चेंज ऑफ प्लान कर दिया."

तिने टोमॅटो एकेक करून निवडले. त्यातला एक सडका निघाला होता.

"तिला काय बोलायचं होतं गं?" विश्वास म्हणाले. फाईल त्यांनी तिच्यापुढे सरकवली. "दोनदा काहीतरी मोठं होतं. या वेळीही असणार. दुखत होतं का तिला? जायचंच नव्हतं का? मी आठ महिने विचार करून राहिलो. तुला काही बोलली होती?"

सृष्टीने पान वाचलं. तिला वाचायला वेळ लागला नाही, म्हणजे तिने ते आधी वाचलेलं होतं.

"मैं वहीं थी, बाबा. जब आपकी ये क्वेरी आई."

"मग?"

"आई ने पढ़ा. पढ़कर वापस फ्रिज पर रख दिया. बोलीं, तुझ्या बाबांना विषय पाहिजे." आईचं वाक्य तिने मराठीतच म्हटलं, आईच्याच आवाजात, आणि तसं म्हटल्याचं तिचं तिलाच बरं वाटलं नसावं. "मैंने पूछा, तो विषय क्या है? बोलीं, काही नाही गं. बसले असते थोडा वेळ."

"मग?"

"फिर मटर छीलने लगीं."

बाहेर कॉलनीत कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. विश्वास ते मोजत राहिले. चौदा किकांनंतर त्या माणसाने नाद सोडला.

"काहीच नव्हतं?"

"नहीं."

काहीतरी असतं तर बरं झालं असतं. दुखणं असतं, तक्रार असती, आयुष्यभर लपवलेलं एखादं गुपित असतं, तर विश्वास यांना ते चुकवल्याचं दुःख करता आलं असतं, आणि ते दुःख मोठं, नीट, शीर्षक देण्याजोगं झालं असतं. पण ती फक्त थोडा वेळ बसली असती. हे कुठल्या मुद्द्याखाली घालायचं, ते त्यांना कळेना.

लिहिलेला शेरा खोडता येत नाही, हा नियम त्यांनी स्वतः तीस वर्षं कनिष्ठांना शिकवला होता. फार तर खाली आणखी लिहिता येतं. सहाला दहा कमी असताना त्यांनी पेन उघडलं.

"मुद्दा क्र. ३ बाबत," त्यांनी लिहिलं, आणि थांबले. सृष्टी सडका टोमॅटो हातात धरून उभी होती. तो टाकायला ती गेली नाही.

"सौ. सुलभा या दि. २० मार्च रोजी वारल्या. सबब प्रस्तावास आधार राहिलेला नाही. रांगेत उभे राहण्यास हरकत नसावी."

सही केली. तारीख घातली आणि पेन खिशात ठेवलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं त्यांना वाईट वाटलं. मग सवयीने उठून ते फ्रिजपर्यंत गेले, फाईल माथ्यावर ठेवायला हात वर केला, आणि तसेच उभे राहिले. धुळीचा आयत तिथेच होता. फाईल त्यात बरोब्बर बसली असती.

"इधर दो," सृष्टी म्हणाली. तिने टोमॅटो ओट्यावर ठेवला, फाईल घेतली, खुर्चीत बसली आणि बाबांचं लिहिलेलं वाचलं. या वेळी तिला वेळ लागला. मग तिने टेबलावरचं दुसरं पेन उचललं आणि पानाच्या तळाशी, दुसरीतल्या मुलाने लिहावं तशा अक्षरात, दोन शब्द लिहिले. सही केली नाही. फाईल फिरवून त्यांच्यासमोर ठेवली.

चर्चा करावी.

विश्वास यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. टोपण अर्धं उघडलं. सृष्टी ते बघत होती. त्यांनी टोपण बंद केलं, पेन खिशात परत ठेवलं, फायलींनी भरलेली एक खुर्ची मोकळी केली आणि तिच्यासमोर बसले.

"बोल," ते म्हणाले.

"अभी?"

"हो."

सृष्टीने बराच विचार केला. "कूकर की रिंग बदलनी पड़ेगी. सीटी नहीं आ रही."

"बरं."

"आलमबाग में मिल जाएगी."

"हो, मिळेल."

टेबलावर एकतीस वर्षांची मराठी पसरलेली होती, आणि तिच्या दोन बाजूंना दोन माणसं दुकानात नंबर लागायची वाट बघावी तशी बसली होती. तरी कोणी उठलं नाही. पाच मिनिटं झाली. सृष्टीने एका फायलीची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

बरोबर सहाला फोन वाजला.

"हाँ सर, यश बोल रहा हूँ. तो प्रायोरिटी कर दूँ?"

"नहीं. हम लाइन में लगेंगे."

"सर, सोच लीजिए. पक्का दो घंटे लगते हैं. खड़े-खड़े आप लोग करेंगे क्या?"

विश्वास यांनी सृष्टीकडे बघितलं. ती नाडीची गाठ बघत होती.

"बात करेंगे," ते म्हणाले.

"दो घंटे?" यशला खरंच काळजी वाटली. "किस बारे में, सर?"

विश्वास यांनी तोंड उघडलं. बाहेर तो माणूस स्कूटरला पुन्हा किक मारू लागला होता.

"विषय," ते अखेर म्हणाले, आणि हे त्या पोराला मराठीतून सांगून उपयोग नाही, हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, "अजून ठरलेला नाही."