टाकीच्या थांब्यावर तक्रार नाही

माझा नवरा बस खात्यात मार्ग आखतो. लग्न ठरलं तेव्हा माझ्या घरच्यांची समजूत झाली की मुलगा बस चालवतो. त्यानं तेव्हा केलेलं तोंड आठवलं की मला अजून हसू येतं. गाडी चालवणं सोपं, ती कुठून न्यायची हे ठरवणं अवघड, असं तो म्हणतो. असेल बाई.

गेल्या वर्षी खात्यानं प्रवाशांनाच विचारायचं ठरवलं. त्यासाठी फोनवर एक ॲप आलं. बसमधून उतरलं की सांगायचं, गर्दी किती होती, किती वेळ ताटकळलात, बस कुठून जायला हवी. सुरुवातीला लोकांनी थट्टाच मांडली. एकानं सासूसाठी तिच्या घरापर्यंत थेट बस मागितली, फक्त जाणारी. पण हळूहळू लोक मनापासून सांगू लागले. गिरणीच्या मागून शाळेकडे जाणारी वाट खात्यात कोणाला ठाऊक नव्हती, ती मुलींच्या आयांनी दाखवली आणि तिथून बस सुरू झाली. त्या दिवशी नवरा घरी आला तो हवेतच होता. खोटं कशाला बोलू, मलाही त्याचं कौतुक वाटलं.

पण खरं कौतुक त्याच्या ताईला. आई लवकर गेलेली, बाप असून नसल्यासारखा. ताईनं लोकांचे कपडे इस्त्री करून भावाला शिकवलं आणि त्या नादात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ एका खोलीत ती एकटी राहायची. आमच्याकडे या म्हटलं की म्हणायची, "नको गं, लांबूनच गोडी राहते." तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा सकाळच्या बसनं दवाखान्यात जाऊन डायलिसिस करून यायची. भाऊ सोबत येतो म्हणाला तर त्यालाच झापायची. "तू तुझी नोकरी सांभाळ. मला बस आहे."

आता खात्याकडे गाड्या मोजक्याच. नव्या वाटेवर बस सोडायची तर ती दुसरीकडून काढायलाच हवी. म्हणून नवऱ्यानं नियम केला की जिथं ओरड जास्त तिथं गाडी द्यायची आणि जिथं सगळं आलबेल तिथली काढायची. टाकीवरून सकाळी लागोपाठ दोन बस जायच्या. त्या थांब्यावरून तक्रार अशी नाहीच. गर्दी नाही, उशीर नाही, कंडक्टर देवमाणूस, जिकडेतिकडे पाच तारे. नवऱ्यानं त्यातली पहिली बस काढली. काढण्याआधी त्यानं ताईला फोनही केला होता, मी समोरच बसले होते.

"एक बस कमी केली तर चालेल ना गं?"

"न चालायला काय झालं? दुसरी आहे की," ताई म्हणाली.

काही आठवडे गेले आणि एका सकाळी ताईच्या शेजारणीचा फोन आला. ताईला श्वास घेता येत नव्हता, दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. आम्ही होतो तसे धावलो. डायलिसिसच्या सिस्टर दारातच आमच्यावर उखडल्या.

"तुम्ही घरचे ना? मग इतके दिवस कुठे होतात? बाई दर वेळी उशिरा येतात. त्यांच्यामागचा पेशंट तयार बसलेला असतो, त्याला किती थांबवायचं? यांना मशीनवरून अर्धवटच काढावं लागतं. अंगात पाणी साठत गेलं, आता हृदय थकलंय."

"उशीर का व्हायचा?" नवऱ्यानं विचारलं.

"बस मिळत नाही, एवढंच सांगायच्या."

शेजारीण बाकावर बसली होती. शिवणकाम करते, ताईहून बरीच लहान. नवऱ्यानं तिला विचारलं, "बस येत नाही का?"

"येते ना दादा. पण आधीच खचाखच. बरेचदा आमच्याकडे थांबतसुद्धा नाही, मग पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायचं."

"मग तसं लिहिलं का नाही कोणी? टाकीवरून एक अक्षर वाईट आलेलं नाही."

शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "ताईंनीच बजावलं होतं सगळ्यांना. भावाचं काम आहे म्हणाल्या, वाईट लिहिलं तर त्याला वरून बोलणी बसतील. आम्ही दोन बस होत्या तेव्हाही लोंबकळतच जायचो. उतरलो की पाच तारे. ज्यांना जमत नाही त्यांच्या फोनवर ताई स्वतः दाबून द्यायच्या."

नवरा भिंतीला टेकला. मला ताईचा संताप आला. आत बाई मरणाशी झगडतेय आणि मला तिचा संताप येतोय, याची लाजही वाटली, पण आला तो आला. त्यानं तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, तुमच्या बहिणीचं वाईट वाटतं, पण त्या थांब्यावरून तक्रारी येऊ द्या, मग बघू. नियम तुम्हीच केलात ना?

फोन ठेवून तो शेजारणीसमोर हात जोडून उभा राहिला. "सगळ्यांना सांगा, खरं लिहा. जितकं वाईट आहे तितकं लिहा." ती हो म्हणाली.

थोड्या वेळानं आम्हाला तिघांना आत सोडलं. ताईच्या पापण्या सुजल्या होत्या, एकेक शब्द ओढून आणत होती. भावाला पाहून तिला बरं वाटलं, ते दिसलं मला.

"आमच्या लिहिण्याचा उपयोग झाला ना रे तुला?"

मी नवऱ्याचा दंड धरला.

"खूप झाला, ताई," तो म्हणाला.

ताईनं मान वळवून शेजारणीला शोधलं. "ऐकलंस? मी नसले तरी लिहायचं सोडू नका. सगळं चांगलंच लिहा. शब्द दे."

शेजारणीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. तिनं ताईचा हात हातात घेतला आणि शब्द दिला. दुपारी ताई गेली.

टाकीवरून अजून एकच बस जाते आणि तिथून अजून पाच तारेच येतात. मी शेजारणीकडे जाऊन आले, रागावले, समजावलं, रडलेसुद्धा. ती ऐकून घेते आणि म्हणते, "वहिनी, मरणाऱ्या माणसाला शब्द दिलाय."